शिकणारे रुग्णालय आणि आपण

आमच्या शेवगाव तालुक्यात साध्या दुखण्यासाठी गावातला दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय पुरते. परंतु दुखणे हाताबाहेर गेले की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि "मोठ्या दवाखान्यात न्या" असे सांगतात. मग १०८ ची गाडी किंवा मिळेल ते वाहन करून कुणी नगरच्या जिल्हा रुग्णालयात, कुणी लोणीला, कुणी पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, तर कुणी थेट पुण्याच्या ससूनमध्ये जातो. तेथे गेल्यावर आपला माणूस ज्यांच्या हाती सोपवायचा, ते लोक कोण असतात, ते कसे शिकतात आणि त्यांच्या कामात सुधारणा कशी होते, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. ती व्हावी या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सुरुवातीला आमच्या वस्तीतील एक अनुभव सांगतो. येथील एक वृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. काही वर्षांपूर्वी पायाच्या जखमेसाठी त्यांना एका मोठ्या रुग्णालयात भरती करावे लागले. अण्णांना एका इंजेक्शनची रिॲक्शन येते हे मुलाने दाखल करतेवेळीच सांगितले होते आणि तेथील डॉक्टरांनी ते कागदावर लिहूनही घेतले होते. पण रुग्ण अपघात विभागातून वॉर्डात गेला आणि तो कागद मात्र खालीच राहिला. रात्री सिस्टरांची पाळी बदलली. नव्या सिस्टरांनी केसपेपरवर जे लिहिले होते तेच इंजेक्शन दिले. थोड्याच वेळात अण्णांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. सुदैवाने डॉक्टर जवळच होते, उपाय झाला आणि अण्णा वाचले. आम्ही सारे संतापलो. परंतु शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की त्या रात्री कुणीही कामचुकारपणा केला नव्हता. डॉक्टरांनी लिहिले होते, सिस्टरांनी लिहिल्याप्रमाणे दिले होते. चूक माणसामाणसांमधल्या जागेत झाली होती.

पुढे तीन वर्षांनी अण्णांना दुसऱ्या एका रुग्णालयात न्यावे लागले. तेथे दाखल करताच केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने त्या औषधाचे नाव लिहिले गेले आणि अण्णांच्या मनगटावर एक पट्टी बांधली गेली. पाळी बदलली की जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर दोघी मिळून खाटेजवळ येत आणि विचारीत, "बाबा, कोणत्या औषधाचा त्रास होतो तुम्हाला?" चौथ्या वेळी अण्णा वैतागून म्हणाले, "अहो, किती वेळा सांगू?" सिस्टर हसून म्हणाल्या, "घरी जाईपर्यंत सांगा."

या दोन रुग्णालयांत फरक इमारतीचा नव्हता, यंत्रांचाही नव्हता. दुसरे रुग्णालय आपल्या चुकांवरून शिकले होते आणि शिकलेले रोजच्या कामात उतरवले होते. हे कसे घडते तेच आता पाहू.

शिकवणारे रुग्णालय म्हणजे काय?

ज्या रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असते त्याला आपण शिकवणारे रुग्णालय म्हणू. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ चे, बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली सुरू झाले आणि खेड्यात राहून डॉक्टर घडवण्याचा प्रयोग तेथे झाला. आपल्या जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा परिसरात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली निघाले. २००३ मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

अशा रुग्णालयात एकाच रुग्णाभोवती बरीच माणसे दिसतात आणि नातेवाईक गोंधळून जातात. त्यांची उतरंड अशी असते. सर्वांत वर अधिष्ठाता, म्हणजे डीन. प्रत्येक विभागात प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक. त्यांच्या हाताखाली निवासी डॉक्टर, हे एम.बी.बी.एस. होऊन पुढील पदवीसाठी शिकत असतात आणि रात्रंदिवस वॉर्डात तेच असतात. त्यांच्याखाली इंटर्न, म्हणजे आंतरवासी डॉक्टर. परिचारिकांमध्ये मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, स्टाफ सिस्टर आणि शिकाऊ मुली-मुले. याशिवाय तंत्रज्ञ, औषधनिर्माते, वॉर्डबॉय, मावशी आणि सफाई कामगार. यातील जवळजवळ प्रत्येकजण एकाच वेळी काम करीत असतो, शिकत असतो आणि आपल्या खालच्याला शिकवीत असतो.

"आमच्या माणसावर शिकतात" अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती तक्रार समजण्यासारखी आहे. रुग्णाला विचारल्याशिवाय दहा विद्यार्थ्यांनी त्याचे पोट चाचपणे योग्य नाही आणि नव्या अभ्यासक्रमात हे विद्यार्थ्यांना शिकवलेही जाते. पण याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जेथे विद्यार्थी असतात तेथे प्रश्न विचारले जातात. हे औषध का, ते का नाही, कालपेक्षा आज ताप का वाढला, याचे उत्तर गुरुजींना द्यावे लागते. ज्याला रोज उत्तर द्यावे लागते त्याला रोज वाचावेही लागते.

पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपले काय?

पूर्वी असा समज होता की डॉक्टर एकदा परीक्षा पास झाला की जन्मभराची शिदोरी मिळाली. परंतु वैद्यकशास्त्र फार वेगाने बदलते. क्षयरोगाला पूर्वी दीड-दीड वर्ष औषधे घ्यावी लागत. पुढे सहा महिन्यांचे उपचार आले. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठीसुद्धा सहा महिन्यांच्या नव्या गोळ्यांना भारत सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. कमी वजनाच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवणे हाच एक मार्ग मानला जाई. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात अशा बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही ती 'कांगारू माता सेवा' म्हणून चालते. जो डॉक्टर पंचवीस वर्षांपूर्वीच्या वहीवरच चालेल त्याचा रुग्ण या लाभाला मुकेल.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण विंचवाचे आहे. शेतात काम करणाऱ्या आपल्या लोकांना इंगळीचा दंश नवा नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी रुग्णालयात आणलेल्यांपैकीही शेकडा चाळीसच्या आसपास माणसे दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील खेड्यात वाढलेले डॉक्टर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी दंश झालेल्या रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. मृत्यू हृदयावर आणि फुप्फुसावर ताण येऊन होतो हे त्यांच्या ध्यानात आले. मध्यंतरी पुण्यास जाऊन त्यांनी एम.डी. केले, पुन्हा महाडला परतले आणि उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरली. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या खाली आले. त्यांचे निबंध 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले. विशेष म्हणजे ते तेथे थांबले नाहीत. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो हे त्यांनीच २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. आपल्याच शोधात सुधारणा करण्याइतका मोकळेपणा त्यांच्याजवळ होता. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक डॉक्टर बावस्कर होऊ शकत नाही. म्हणून नियमाची गरज पडते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घेतले पाहिजे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेत दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना या शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. व्याख्याने, परिषदा, कार्यशाळा यांतून हे गुण मिळतात. आता सभागृहात बसून मिळालेला गुण आणि खाटेजवळ वापरलेले ज्ञान यांत अंतर असू शकते, हे सांगायला नको. म्हणून चांगली रुग्णालये व्याख्यानावर न थांबता प्रत्यक्ष सरावावर भर देतात. बाहुलीवर छाती दाबून श्वास परत आणण्याचा सराव, बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला तर कुणी काय करायचे याची रंगीत तालीम, अशा गोष्टी तेथे होतात. आपण नाटकाच्या तालमी करतो तशाच या तालमी असतात. ऐनवेळी शोधाशोध होऊ नये हा त्यांचा हेतू असतो.

शिक्षकांनाही शिकावे लागते. उत्तम शस्त्रक्रिया करणारा माणूस उत्तम शिकवील असे नाही. यासाठी वैद्यकीय परिषदेने २००९ च्या सुमारास प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी देशात प्रादेशिक केंद्रे सुरू केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेले सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांपैकी एक. पुढे २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय रीतसर शिकवायचा आहे. रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, हे आता विद्यार्थ्याला शिकावे लागते. शिवाय अलीकडे विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणकाळात त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचे, असाही नियम आहे.

चूक कुणाची, की चूक कशामुळे?

रुग्णालयाच्या सुधारणेतील सर्वांत कठीण पायरी म्हणजे आपली चूक मोकळेपणाने पाहणे. या संदर्भात विनयपिटकातील महावग्गात आलेला प्रसंग आपल्या वाचकांना परिचित आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. इथपर्यंतची कथा आपण सर्व जण सांगतो. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. तथागतांनी संघ एकत्र केला, असे का घडले हे विचारले आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा आधी उपाध्यायाने करावी, नसेल तर आचार्याने, नसेल तर शिष्याने, अंतेवासीने, आणि यांपैकी कुणीच नसेल तर ती संपूर्ण संघाची जबाबदारी राहील. म्हणजे त्या एका भिक्खूची सेवा करून प्रश्न संपवला नाही. पुढच्या आजाऱ्यावर ती पाळी येऊ नये अशी व्यवस्था केली.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस मानू नये. आणि वेळोवेळी बोलून रुग्णाला धीर द्यावा. आजच्या परिचारिका अभ्यासक्रमाशी हे पाच गुण ताडून पाहावेत. कौशल्य, ज्ञान, वृत्ती, स्वच्छता आणि संवाद, सर्व त्यात आले.

आजच्या रुग्णालयात हेच काम मृत्यू-परीक्षण बैठक करते. ठरावीक दिवशी विभागातील सर्व डॉक्टर बसतात आणि झालेला मृत्यू किंवा गुंतागुंत क्रमाने मांडतात. रुग्ण किती वाजता आला, पहिल्यांदा कुणी पाहिले, रक्त केव्हा मागवले, केव्हा मिळाले. कुणाला फैलावर घ्यायचे हा या बैठकीचा उद्देश नसतो. ज्या ठिकाणी चूक सांगणाऱ्यालाच शिक्षा होते तेथे लोक चुका लपवू लागतात आणि लपवलेली चूक पुन्हा घडते. अर्थात जाणूनबुजून केलेली हयगय वेगळी. तिला शिक्षा झालीच पाहिजे.

मातामृत्यूच्या बाबतीत तर केंद्र सरकारने २०१० साली परीक्षणाची रीतसर पद्धत घालून दिली. त्यात घरच्या माणसांनाही विचारले जाते. तपासताना तीन विलंब पाहतात. पहिला, घरात निर्णय घ्यायला झालेला उशीर. दुसरा, वाहन मिळून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा उशीर. तिसरा, पोहोचल्यावर योग्य उपचार मिळेपर्यंतचा उशीर. आपल्या भागात ऊसतोडीला गेलेल्या बाईचे दिवस भरत आले आणि मुकादमाची उचल फिटलेली नसेल, तर पहिला विलंब कोठून सुरू होतो हे वेगळे सांगायची गरज नाही. तिसरा विलंब मात्र रुग्णालयाचा स्वतःचा असतो आणि त्यावर उपाय करणे त्याच्या हातात असते. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. आपले राज्य पुढे आहे, पण त्या ३३ मधील प्रत्येक बाई कुणाची तरी लेक होती.

लहान बदल, मोठा परिणाम

सुधारणा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नवी इमारत आणि परदेशी यंत्र येते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. व्हिएन्ना शहरातील मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांना दिसले की ज्या वॉर्डात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करतात तेथे बाळंतज्वराने शेकडा दहाच्या आसपास स्त्रिया मरतात, आणि ज्या वॉर्डात सुइणी काम करतात तेथे त्याहून पुष्कळ कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत होते. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. परंतु मोठमोठ्या डॉक्टरांना आपल्या हातांमुळे रुग्ण मरतात हे मान्य करणे अवघड गेले. सेमेलवाइस १८६५ साली उपेक्षेतच वारले. शिकलेल्या माणसाला शिकवणे किती कठीण असते याचा हा पुरावा आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर मोठ्याने वाचायची एक पानी यादी तयार केली. रुग्णाचे नाव हेच ना? शस्त्रक्रिया याच बाजूची ना? औषधाची रिॲक्शन आहे का? शेवटी कापसाचे बोळे आणि हत्यारे मोजली का? दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले आणि गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर. एक कागद आणि दोन मिनिटे, एवढाच खर्च.

कोणतेही रुग्णालय असे बदल कसे करते? त्याची पद्धत सोपी आहे. आधी एकच प्रश्न निवडायचा. समजा, तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला पहिले इंजेक्शन मिळायला फार वेळ लागतो. मग आठवडाभर प्रत्येक रुग्णाची वेळ लिहून काढायची. उशीर कोठे होतो ते शोधायचे. कदाचित औषध वॉर्डात नसते आणि नातेवाइकाला खालच्या मजल्यावर रांग लावावी लागते. मग एकच बदल करायचा. ते औषध वॉर्डातल्या कपाटात ठेवायचे. पुन्हा आठवडाभर वेळ मोजायची. फरक पडला तर ती रीत कायम करायची, नाही पडला तर दुसरा उपाय करून पाहायचा. शेतकरी नवे बियाणे आधी एका वाफ्यात लावून पाहतो, सगळे रान त्याखाली घालत नाही. ही तीच रीत होय. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिगृहांच्या सुधारणेसाठी अशाच पद्धतीने मोजमाप करून काम करावे अशी अपेक्षा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची प्रसूतिगृहेही त्यात येतात.

शिक्षण फक्त डॉक्टरांचे नव्हे

रुग्णाजवळ सर्वांत अधिक वेळ सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय असतात. रुग्णाला कुशीवर वळवले नाही तर पाठीला जखमा होतात. चादर वेळेवर बदलली नाही, सुया योग्य डब्यात टाकल्या नाहीत तर संसर्ग पसरतो. म्हणून ज्या रुग्णालयात प्रशिक्षणाच्या यादीत फक्त डॉक्टरांची नावे असतात ते रुग्णालय अर्धेच शिकते असे आमचे मत आहे. सफाईचे काम पिढ्यान् पिढ्या कुणाच्या माथी मारले गेले हे आपल्याला ठाऊक आहे. त्या कामाला शास्त्र आहे, त्याला हातमोजे, बूट, लस आणि शिकवणी लागते, हे मान्य होणे म्हणजे त्या माणसाची प्रतिष्ठा मान्य होणे होय.

याचे गांभीर्य दोन दुर्घटनांनी दाखवून दिले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. आग लागली तर वीज कोठून बंद करायची, प्राणवायू कुणी बंद करायचा, कोणत्या खाटेपासून रुग्ण हलवायचे, याची तालीम रात्रपाळीच्या शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत झालेली असणे हा रुग्णसेवेचाच भाग आहे.

जामखेडचा धडा

आपल्याच जिल्ह्यातील जामखेडने या बाबतीत जगाला धडा घालून दिला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोर येथे शिकून, पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते आले होते. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्यावर त्यांना दिसले की बाहेरची परिचारिका गावात टिकत नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत बहुतेक निरक्षर, अनेक दलित वस्त्यांतील, काही टाकलेल्या. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, एक विषय शिकत, गेल्या आठवड्यात गावात काय झाले ते सांगत आणि परत जात. एकदा शिकवून सोडून देणे हा तेथील नियम नव्हता. वर्षानुवर्षे दर आठवड्याला शिकणे हा होता. आज ज्याला निरंतर शिक्षण म्हणतात ते हेच. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास तेथील गावांत हजारी १७६ अर्भके दगावत. वीस वर्षांत हा आकडा कितीतरी खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि परदेशी डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्याच गावच्या बायका.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. गावातील बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून ३९ गावांत काम केले आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू शेकडा ६२ ने घटवले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचे काम देशभरच्या आशाताईंकडे आले. तात्पर्य, मोठ्या रुग्णालयाने शिकवायचे आणि गावाने शिकायचे एवढेच नसते. गावाकडूनही रुग्णालयाला शिकता येते.

आपण काय करावे?

महावग्गात चांगल्या रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की कमी झाले ते खरे सांगावे. त्याच धर्तीवर आम्ही काही सूचना करतो.

१) घरातील प्रत्येक आजारी माणसाची एक वही ठेवावी. चालू औषधे, जुन्या शस्त्रक्रिया आणि कोणत्या औषधाची रिॲक्शन येते हे पहिल्या पानावर ठळक लिहावे. जुने कागद, फोटो प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र न्यावेत.

२) भगताकडे नेले होते, गावठी औषध दिले होते, दारूची सवय आहे, हे लपवू नये. लाजेपोटी डॉक्टरांची दिशा चुकते.

३) आपल्या रुग्णाच्या युनिटचे आणि जबाबदार डॉक्टरांचे नाव विचारून घ्यावे. समजले नाही तर "साहेब, पुन्हा सांगा" म्हणायला संकोच करू नये. संमतीच्या कागदावर वाचून घेतल्याशिवाय अंगठा उमटवू नये.

४) सिस्टर पुन्हा पुन्हा तेच विचारतात म्हणून रागावू नये. आमचे अण्णा रागावले होते. आता तेच इतरांना समजावतात.

५) तक्रार असेल तर ती लेखी, तारीख-वेळेसह द्यावी. हात उगारू नये. छत्तीस-छत्तीस तास जागलेल्या निवासी डॉक्टरला मारून कुणाचा रुग्ण बरा झालेला नाही; शिवाय २०१० च्या राज्य कायद्याने तो गुन्हा आहे. लेखी तक्रारीवर बैठकीत चर्चा होऊ शकते, मारामारीवर फक्त संप होतो.

६) चांगली सेवा मिळाली तर तेही लिहून द्यावे. काय बरोबर चालले आहे हे कळणे हासुद्धा शिकण्याचा भाग आहे.

शेवटी आमच्या मुला-मुलींना दोन शब्द. परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माता, डॉक्टर, यांपैकी कोणतेही शिक्षण घ्यायचे असेल तर जरूर घ्या. मंडळातर्फे पुस्तके आणि मार्गदर्शन यांसाठी जमेल ती मदत करू. परंतु नोकरी लागली म्हणजे वही मिटली असे समजू नका. तुम्ही रात्रपाळीला असाल तेव्हा शेवगावहून, पाथर्डीहून, गेवराईहून आलेला एखादा अण्णा तुमच्या वॉर्डात असेल. त्याला चौथ्यांदा तोच प्रश्न विचारायचा कंटाळा करू नका.